स्वयंपाकघरात न शिरलेला गुप्तहेर

अनंत अंतरकर यांनी १९४६ साली 'हंस' सुरू केला. त्याच्या जोडीला त्यांनी 'मोहिनी' आणि 'नवल' ही आणखी दोन मासिकं चालवली. 'हंस' वाङ्मयीन, 'मोहिनी' विनोदाची, 'नवल' अद्भुत आणि रहस्यमय कथांचं. वाचकाची नाडी ओळखण्यात अंतरकरांचा हात धरणारे संपादक मराठीत फार झाले नाहीत, म्हणूनच त्यांनी केलेली ही वाटणी मला महत्त्वाची वाटते. हसायचं असेल तर हा अंक घ्या, अंगावर काटा हवा असेल तर तो घ्या. मराठी लोकप्रिय कथेनं ही वाटणी एवढी मनावर घेतली की पाऊणशे वर्षांनंतरही हसवत हसवत गुन्ह्याची उकल करणारी कथा शोधावी लागते. त्यातही शोध लावणारी व्यक्ती आचारी, खानावळवाली किंवा चटणी कांडणारी बाई आहे, अशी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

इंग्रजीत या प्रकाराचं स्वतंत्र दालन आहे. डायान मॉट डेव्हिडसन यांची जेवणावळी करून देणारी गोल्डी १९९० साली आली. एम. सी. बीटन यांची अगाथा रेझिन १९९२ साली आली. लंडनची नोकरी सोडून ती खेड्यात राहायला जाते, गावातल्या पाककला स्पर्धेत दुकानातून विकत आणलेला पदार्थ स्वतःचा म्हणून ठेवते आणि तो खाऊन परीक्षक मरतो. खून आहे, पण पहिला प्रश्न लबाडीचा आहे. पदार्थ माझा नव्हता हे कबूल करायचं, की संशय ओढवून घ्यायचा? एका किरकोळ लाजेपोटी माणूस किती मोठ्या पेचात सापडतो, हे बीटन यांनी नेमकं पकडलं. या कथांत रक्त पानावर सांडत नाही, जागा लहान असते, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि तपास करणाऱ्याकडं बिल्ला नसतो. असतं ते एखाद्या कामातलं मुरलेपण.

मराठी रहस्यकथेचा नायक याच्या अगदी उलट घडला. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं दोन पिढ्यांच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन असे वेगवेगळ्या जातकुळीचे नायक दिले आणि संवादांत खटकेबाज, तरुण भाषा आणली. या लेखकांनी मराठी माणसाला वाचायची सवय लावली. त्यांना 'लायब्ररीतले लेखक' म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेनं मोठा अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यांचा नायक घरात राहत नाही. त्याला मोटार लागते, पिस्तूल लागतं, रात्रीची मुंबई लागते. तो जेवतो कधी आणि त्याला जेवायला कोण वाढतं, हे कथेला विचारावंसं वाटत नाही. पुढं दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली, पोलिसांचं 'दक्षता' मासिक घरोघरी वाचलं गेलं, आणि शोध म्हणजे वर्दीचं काम हे समीकरण पक्कं झालं.

हौशी शोधक मराठीनं दिला तो मुलांना. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, चौकस आहे, धडपड्या आहे, मोठ्यांच्या आधी त्याला गोम सापडते, आणि त्याच्या गोष्टी वाचताना हसूही येतं. जे या मुलाला जमलं ते मोठ्यांच्या कथेत का आलं नाही? मला वाटतं, मोठ्यांच्या रहस्यकथेनं गांभीर्याची झूल पांघरली, कारण साहित्यात तिला मान नव्हता. विनोदाची जोड दिली असती तर तिला आणखी खालच्या पंक्तीत बसवलं जाण्याची भीती होती.

खरं तर आपल्याकडं या प्रकाराचं मूळ रंगभूमीवर आहे आणि ज्या कोल्हापूरबद्दल मी पुढं बोलणार आहे तिथून ते फार लांब नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. तेच पुढं १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' होऊन आलं. मूळ कल्पना परदेशी, पण देवलांनी ती एवढी आपली केली की आज कोणाला तिचं परकेपण आठवत नाही. या नाटकाकडं तपासकथा म्हणून पाहिलं तर त्याची बांधणी थक्क करते. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतो. एक वस्तू, दोन साक्षीदार, दोन चुकीचे निष्कर्ष. नवरा-बायको दोघंही एकमेकांवर पाळत ठेवणारे हौशी गुप्तहेर होतात आणि प्रत्येकाला आपापला पुरावा भक्कम वाटतो. प्रेक्षकाला मात्र सत्य आधीच ठाऊक असतं, म्हणून तो हसतो. एवढं सकस बी हाताशी असताना गद्य कथेनं ते पेरलं नाही.

विनोदी कथेनं कधीकधी कुंपणापर्यंत पाय नेले. द. मा. मिरासदारांच्या 'भुताचा जन्म' या कथेत अफवेतून भूत कसं तयार होतं हे पायरी-पायरीनं दिसतं. तो उलट्या दिशेनं केलेला तपासच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील गावच्या बेरकीपणाचे मोठे जाणकार. कोण काय लपवतोय आणि ते लपवताना कसा उघडा पडतोय, हे त्यांच्याइतकं कमी शब्दांत क्वचितच कोणी दाखवलं असेल. त्यांच्या एका वगनाट्याचं नावच 'लवंगी मिरची कोल्हापूरची'. पण ती मिरची स्वभावाची आहे. पाटा-वरवंट्यापर्यंत, चुलीपर्यंत ही मंडळी गेली नाहीत, कारण त्यांचा विनोद चावडीवर, पारावर, म्हणजे पुरुष बसतात तिथं घडतो.

आता ज्या शहराविषयी मला बोलायचं आहे त्या कोल्हापूरकडं येतो. इथलं स्वयंपाकघर रहस्यकथेला जेवढा कच्चा माल देतं तेवढा दुसरं कुठलं शहर देईल असं मला वाटत नाही.

कांदा-लसूण चटणीच घ्या. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, लवंगी तिखटपणासाठी, आणि यांचं प्रमाण प्रत्येक घराचं निराळं. धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला भाजून, कांदा-लसूण तळून सगळं डंकावर कांडायला जातं. डंक चालवणाऱ्या बाईच्या हाताखालून अख्ख्या पेठेची चटणी जाते. कोणाच्या घरात यंदा खोबरं कमी पडलं, कोणी मिरची हलकी घेतली, कोणाकडं अचानक दुप्पट चटणी झाली म्हणजे पाहुणे येणार आहेत किंवा कोणी गुपचूप खानावळ काढतंय, हे तिला विचारल्याशिवाय कळतं. चटणी जुनी होत जाते तसा तिचा लाल रंग मंदावतो आणि लसणाचा वास बदलतो. ताटातल्या रश्श्याचा रंग बघून ही यंदाची की गेल्या सालची, हे जाणत्या बाईला सांगता येतं. एखाद्या घरात गेल्या सालची चटणी संपलेली असताना तिथं तीच वापरलेली आढळली तर ती आली कुठून? एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहते, आणि शोध लावणारी बाई आयती समोर उभी आहे.

पांढरा रस्सा आणखी बोलका. मटणाचं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ, काजू यांचं वाटण, वर नारळाचं दूध. हळद नाही, लाल तिखट नाही. नारळाचं दूध घातल्यावर आच मोठी ठेवली आणि चुलीपासून कोणी हललं की रस्सा फुटतो. म्हणजे फुटलेला रस्सा हा वेळेचा पुरावा होऊ शकतो. "मी चुलीपाशीच होतो" म्हणणारा आचारी खोटं बोलतोय हे पातेलंच सांगेल. पोलिसांना ते दिसणार नाही. ज्यानं शंभर वेळा रस्सा ढवळलाय त्यालाच दिसेल.

खरे गुन्हेही इथं आहेत. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेरून आलेला गूळ कोल्हापुरी नावानं विकला जातो आणि गुळात साखर मिसळली जाते, या तक्रारी बाजारात जुन्या आहेत. यात रक्त नाही, पण फसवणूक आहे, पैसा आहे, पिढ्यांचं नाव पणाला लागलेलं आहे. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो आणि आता उतरवायचं की अजून थांबायचं हे ठरवतो. रसातली मळी वर काढण्यासाठी रानभेंडीचं पाणी कधी आणि किती घालायचं हेही तोच जाणतो. हा माणूस ढेप फोडून एक खडा जिभेवर ठेवील तेव्हा त्याला जे कळेल ते कागदपत्रांना कळणार नाही. मराठी कथेनं या गुळव्याच्या हाती तपास अजून का दिला नाही, याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं.

जागाही तयार आहेत. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते आणि फेसाळ दूध पिताना माणसं दिवसभराचं बोलतात. आषाढात त्र्यंबोलीला नवं पाणी वाहायची यात्रा, तिथून घरोघरी मटणाचे बेत. मिसळीच्या गाड्यांवर कटाच्या रंगावरून रंगणारे वाद. पेठेतली तालीम, महाप्रसादाची पंगत, भिशी, बचत गट. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलला जे खेडं लागत होतं ते आपल्याला पेठेत मिळतं.

मार्पल मराठीत आली ती अनुवादातून. मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीची बरीच पुस्तकं मराठीत आणली, भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स आणला, अशोक जैनांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आणला. हे अनुवाद आवडीनं वाचले गेले, म्हणजे वाचक तयार आहे. तरी मूळ मराठीत मार्पलची बहीण जन्मली नाही. दुसरीकडं आपलीच माणसं इंग्रजीत शोध लावत राहिली. एच. आर. एफ. कीटिंग यांनी मुंबई न पाहता १९६४ साली इन्स्पेक्टर घोटे उभा केला. वसीम खान यांचा निवृत्त इन्स्पेक्टर चोप्रा २०१५ साली मुंबईत आला, पुढं तो बायकोच्या नावानं उपाहारगृह काढतो आणि तिथूनच तपास करतो. टार्क्विन हॉल यांचा दिल्लीचा विश पुरी गच्चीवर मिरच्या लावतो. २०१२ सालच्या कादंबरीत बटर चिकन खाऊन झालेल्या मृत्यूचा माग काढताना त्याची आईही त्याच्या आधी पुढं सरकते. खान आणि हॉल या दोघांनाही जेवणाचं ताट हा कथेचा भाग वाटला. आपल्याला वाटला नाही.

क्योतोतल्या एका खानावळीवरची हिसाशी काशिवाई यांची जपानी मालिका मला या सगळ्यांपेक्षा जास्त जवळची वाटते. पूर्वी पोलिसात असलेला बाप आणि त्याची मुलगी गिऱ्हाइकाच्या आठवणीतली हरवलेली चव शोधून पुन्हा रांधून देतात. खून नाही, तरी प्रत्येक गोष्ट तपासाची. आईच्या हातची चटणी तिच्याबरोबर गेली असं म्हणणारी घरं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत.

कोणी म्हणेल, पाककृती आणि रहस्य एकत्र आणलं की पुस्तक 'रुचिरा'ची पुरवणी होईल. हा धोका खरा आहे. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं ते पुस्तक मराठी गद्याचाही उत्तम नमुना आहे, पण कादंबरीतली पाककृती उकलीला लागणार नसेल तर ती काढून टाकावी. दुसरा धोका मला जास्त छळतो. मालिका आणि चित्रपटांनी कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा, मिशा आणि 'लई भारी' एवढंच करून ठेवलं आहे. इथली बोली विनोदासाठी वापरली जाते, विचारासाठी नाही. रहस्यकथेत शोध लावणाऱ्या बाईनं कोल्हापुरीत बोलावं आणि कोल्हापुरीतच तर्क करावा. "आता ह्यो बघा, ह्यानं सकाळपास्नं चुलीला हात लावल्याला न्हाई," असं ती म्हणेल तेव्हा वाचक हसेल आणि तिचं म्हणणं पटून गप्पही बसेल. ते साधलं नाही तर सगळा डाव नकलेवर जाईल.

अशी बाई अशक्य नाही याचा पुरावाही आहे. १९९१ साली मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढणाऱ्या रजनी पंडित यांनी एका खुनाचा छडा लावण्यासाठी संशयिताच्या घरी महिनोन्‌महिने मोलकरीण म्हणून काम केलं, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. भांडी घासणाऱ्या बाईसमोर घरातली माणसं सगळं बोलतात, कारण ती तिथं आहे हे कोणाच्या गावीही नसतं. प्रत्यक्षात घडलेल्या या गोष्टीपर्यंत आपली कल्पना अजून पोचायची आहे.

२०१७ साली स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी श्राव्य मालिकांना मागणी वाढली आणि त्यात रहस्याचा वाटा चांगला मोठा आहे. 'धनंजय'सारखे दिवाळी अंक रहस्यकथेची परंपरा टिकवून आहेत. या संपादकांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. कोल्हापूरच्या, सांगलीच्या, बेळगावच्या ज्या बायका वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पाककृती लिहितात, त्यांच्याकडं पुढच्या अंकासाठी रहस्यकथा मागा. प्रमाण कुठं चुकलं, पदार्थ का बिघडला आणि कोणाच्या हातून बिघडला, हे शोधण्याचा सराव त्यांना रोजचा आहे.