जरा थांबा!

'मराठी जशी बोलतो तशीच लिहितो,' असं आम्ही लहानपणापासून छाती फुगवून सांगत आलो. इंग्रजी 'नाइफ'मधल्या मुक्या 'के'ला हसण्यात तर माझं अर्धं आयुष्य गेलं. ती छाती गेल्या रविवारी आमच्या नातीने पार बसवली.

नात न्यू जर्सीची, वय वर्षे ९. दर रविवारी फोनवर मी तिला मराठी वाचायला शिकवतो. बाराखडी तोंडपाठ आहे. त्या भरवशावर मी वाक्य लिहून दाखवलं, 'आजोबा, जरा थांबा.' तिने 'जरा'तला ज जिलबीतला काढला. म्हणजे वार्धक्य! 'आजोबा, वार्धक्य, थांबा!' ७४ वर्षांच्या माणसाला हा आशीर्वाद समजावा की दम, कळेना.

"अगं, हा ज जिलबीतला नाही, जोड्यातला."

"पण अक्षर तर तेच आहे!"

पुढे 'चोर' आला तो चिमणीचा च घेऊन. गुरांचा 'चारा' आला तो 'चार' आण्यांतला. शेवटी तिने विचारलं, "मग कुठला च ते कळायचं कसं?"

"ऐकून."

"पण आजोबा, मी ऐकते कुठे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शुद्धलेखनाचा मी मोठा भोक्ता. साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा नियम आणि १९७२ साली वाढवलेले चार, असे अठराही मला पाठ. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढले, 'नांवा'चं 'नाव' झालं, हे बरंच झालं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर मी लोकांच्या लग्नपत्रिकांनासुद्धा लाल शाई लावली आहे. पण एकाच 'ज'च्या खोलीत दोन बिऱ्हाडं राहतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. येणार कसं? दोन्ही बिऱ्हाडं आईच्या तोंडून आधीच ओळखीची झालेली!

आपली लिपी वाण्याकडे पाठवायच्या यादीसारखी आहे. यादीत नुसतं 'डाळ १ किलो' असतं. कुठली, ते वाण्याला ठाऊक असतं. वाणी बदलला की पंचाईत. लिपीचा हा दोष मोठा नाही, पण घरातलं बोलणं थांबलं की तो एकदम मोठा होतो. मग नुसतं लिहून ठेवलेलं पुरत नाही.

तेव्हा आता रविवारचा पहिला अर्धा तास पुस्तक मिटून नुसत्या गप्पा. नंतर वाचन. परवा वाचताना 'जग' शब्द आला. "कुठला ज?" तिने विचारलं. म्हटलं, "जिलबीतला घेतलास तर दुनिया. जोड्यातला घेतलास तर जगत राहा."

तिच्याच सूचनेवरून जोड्यातल्या प्रत्येक ज खाली आणि चोरातल्या प्रत्येक च खाली मी लाल शाईने टिंब देतो आहे. टिंबं काढणाऱ्या महामंडळाने एवढं माफ करावं.