वंशवृक्ष झाला, पण तीव्रतेचं काय?

केळीवरच्या कुकुंबर मोझॅक विषाणूचे (शेतकऱ्यांच्या भाषेत 'हरण्या') बरेच शोधनिबंध एकाच साच्यातले असतात. रोगट पान आणायचं, आरएनए काढायचा, आवरण प्रथिनाचं जनुक वाचायचं, वंशवृक्ष काढायचा. इथपर्यंत काम चोख असतं. खटकतं ते शेवटचं वाक्य: या विविधतेमुळेच लक्षणं कमी-जास्त तीव्र दिसतात.

कशावरून?

या विषाणूचा जनुकसंच तीन आरएनएंचा, मिळून सुमारे 8,600 अक्षरांचा. आपण वाचली 657. झाडाची संरक्षण यंत्रणा दाबणारं 2बी प्रथिन दुसऱ्या आरएनएवर असतं, त्याकडे बघितलंच नाही. शिवाय कधीकधी विषाणूसोबत छोटा उपग्रह आरएनए असतो. 1972 साली फ्रान्सच्या अल्सास भागात टोमॅटोची झाडं सुकून मेली, ती अशाच एका उपग्रहामुळे. दुसरे काही उपग्रह उलट लक्षणं सौम्य करतात. आता आवरण प्रथिन अगदीच बिनकामाचं आहे असंही नाही. तंबाखूत त्यातलं 129 व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं की पान हिरवं-चट्टेदार राहायचं ते पिवळं पडतं. पण हे कळलं ते मुद्दाम बदल करून, झाडांना टोचून. नुसत्या वंशवृक्षावरून नाही.

आमच्या डोंगरकड्याच्या केळीत आणखी एक घोळ दिसतो. टिश्यू कल्चरची रोपं, म्हणजे झाडं जवळपास एकसारखी. तरी एकावर चार पिवळ्या रेषा, तर शेजारच्याचा पोंगा सडलेला. लागण कोवळ्या वयात झाली, हवा ढगाळ-थंड असली, की रोग जोरात. लागण कधी झाली तेच माहीत नसेल तर सगळा दोष विषाणूच्या वाणावर कसा टाकणार?

मीही पहिल्या वर्षी हेच केलं. बांधावरून नजरेत भरतील ती पिवळीजर्द पानं तेवढी पिशवीत भरली. सौम्य झाडाचा एकही नमुना नाही, मग तुलना कशाशी? तो अख्खा तक्ता प्रबंधातून काढावा लागला. त्याच बागेत एका काकांनी विचारलं होतं, "कमी लागलेलं झाड ठेवू का उपटू?" उपटाच म्हणालो, कारण मावा सौम्य झाडावरूनही काही सेकंदांत विषाणू उचलतो. पण ते कमी का लागलंय, हे मला सांगता आलं नाही.

तेव्हा नमुना घेताना झाडाचं वय, लक्षण पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि तीव्रतेचा अंक वहीत लिहा, सौम्य आणि निरोगी झाडंही घ्या. मग एकाच वयाच्या रोपांवर, जाळीघरात, वेगवेगळे नमुने टोचून बघा. एवढं जमणार नसेल तर ते शेवटचं वाक्य खोडा. निबंध तरीही छापला जाईल.