अंगठ्याचा हिशेब

दोस्तहो, आपल्या कवितेत एकलव्य फार झाला. मीही लिहिला. रिंग खात्यात रातपाळीला तुटलेला धागा अंगठा-बोटात धरून जोडताना तो आठवायचाच. पण आता त्या कवितेचा मलाच राग येतो. का, ते सांगतो.

महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट नीट वाचा. एकलव्य हा निषादांचा राजा हिरण्यधनू याचा पोरगा. म्हणजे प्रश्न गरिबीचा नव्हता, द्रोणानं नाकारलं ते निषाद म्हणूनच. पोरगा रानात आपला आपण शिकला. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले. अर्जुन कुरकुरला, कारण तुझ्यापेक्षा वरचढ शिष्य होणार नाही, असा द्रोणानं त्याला शब्द दिला होता. मग अंगठा मागितला. न शिकवता फी वसूल! नंतरही एकलव्य बोटांनी बाण सोडत राहिला, पण पहिला वेग गेला. अर्जुनाचा जीव भांड्यात पडला.

ही त्या धनुर्विद्येची नीती. हत्यार कसं चालवायचं हे नंतर, कोणी चालवायचं हे आधी. गुरुभक्ती हे तिचं सोज्वळ नाव. स्वतंत्र भारतात खेळाडूंना १९६१ पासून अर्जुन पुरस्कार, प्रशिक्षकांना १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार. शिकवणाऱ्याचा आदर्श म्हणून अंगठा मागणाराच सापडला!

इथवर आपली कविता येते आणि रडत बसते. पुढचं विचारत नाही. एकलव्याला विद्या दिली कोणी? त्याच्याच सरावानं. मातीचा पुतळा एक अक्षर बोलला नव्हता. तरी त्यानं श्रेय पुतळ्याला दिलं. अंगठा खरा तिथंच गेला, सुरी मागून आली.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात महार शिपाई इंग्रजांच्या बाजूनं लढले. पुढं त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. बाबासाहेब हात जोडून बसले नाहीत, भांडले. १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यांचाही आपण मातीचा पुतळा करणार काय? जयंतीला हार घालायचा आणि पुस्तक उघडायचं नाही?

वस्तीच्या तालमीत मी लाठी शिकलो. पहिल्या दिवशी वाकलो तर वस्ताद म्हणाले, "पाया पडू नको रे, पायाकडं बघ. पाय कुठं पडतोय ते शिक."

एवढं साधं वाक्य माझ्या कवितेत अजून आलेलं नाही.