किलास, कुष्ठ आणि बालाथळचा सांगाडा

राजस्थानांत उदयपूरच्या ईशान्येस बालाथळ या गांवीं एक पांढरीचें टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथें उत्खनन केलें. त्यांत मिळालेल्या पांच सांगाड्यांपैकीं एका प्रौढ पुरुषाच्या सांगाड्यावर २००९ सालीं एक इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. ग्वेन रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, वि. ना. मिश्र, मोहंती, वसंत शिंदे प्रभृति विद्वानांचीं नांवें त्यावर आहेत. सांगाडा इ. स. पूर्वीं २००० च्या सुमाराचा असून तो महारोग्याचा आहे, हें त्यांतील मुख्य प्रतिपादन. त्यास जोडून आणखी दोन विधानें केलेलीं आहेत. महारोग्यास पुरण्याची वैदिक चाल वायव्य भारतांत इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाच्याही आधीं होती, हें एक. आणि महारोगाचा पहिला लेखी उल्लेख वेदांत आहे या भाषांतरकारांच्या मतास ह्या शोधानें पुष्टि मिळते, हें दुसरें. अशीं विधानें एकदां छापलीं गेलीं म्हणजे पुढील लेखक त्यांस प्रमाण मानून चालतात. म्हणून उशिरां कां होईना, त्यांची तपासणी करणें अवश्य वाटतें.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, जंतुशास्त्रज्ञही नव्हे. महाडास आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां हाडांविषयीं थोडें व शब्दांविषयीं अधिक लिहिलें तर तें क्षम्य व्हावें.

हाडांविषयींचें प्रतिपादन निबंधकारांनीं जबाबदारीनें केलें आहे. महारोगांत नाकपुडीच्या हाडाच्या कडा झिजतात, वरच्या जबड्याचें हाड व टाळू खंगतें. तशा खुणा ह्या कवटीवर दिसतात, व इतर रोगांनीं त्या झाल्या असाव्यात काय याचाही विचार त्यांनीं केला आहे. परंतु हाडांवरील व्रण हा रोगाचा परिणाम होय. रोगाचा जंतु नव्हे. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ती नक्कल आहे, अस्सल नव्हे. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं बखरीपेक्षां समकालीन कागदास महत्त्व द्यावयास शिकविलें. पोलादपुरास ज्याची समाधि आहे त्या परमानंदाचें शिवभारतही आपण तत्कालीन पत्रांशीं ताडून मगच घेतों. रोगाच्या इतिहासांत तो अस्सल कागद म्हणजे जंतूचें डीएनए.

हें द्रव्य जुन्या दांतांत व हाडांत तुटक्या तुकड्यांच्या रूपानें उरतें. तुकड्यांच्या टोकांशीं काळानें एक ठराविक प्रकारची झीज झालेली असते. ती आढळली म्हणजे तो तुकडा जुना आहे, हाताळणाराच्या बोटांवरून आलेला नव्हे, असें ठरतें. कागद व शिक्का पाहून सनदेचा खरेखोटेपणा आपण पारखतों, त्यांतलाच हा प्रकार. महारोगाच्या बाबतींत ह्या साधनाचें महत्त्व विशेष आहे, कारण हॅन्सेननें १८७३ सालीं नॉर्वेंत ओळखलेला हा जंतु प्रयोगशाळेंतील काचपात्रांत अद्याप वाढवितां येत नाहीं. त्याचें संपूर्ण जनुकवाचन २००१ मध्यें झालें. तें ज्या वाणाचें झालें तो मूळ तमिळनाडूंतील रुग्णाचा होता. पुढें २००५ सालीं निरनिराळ्या देशांतील वाण ताडून रोगाचें मूळ पूर्व आफ्रिकेंत किंवा पश्चिम आशियांत असावें असें अनुमान निघालें. २०१३ पासून स्वीडन, डेन्मार्क व इंग्लंड येथील मध्ययुगीन थडग्यांतून जुने जंतु वाचले गेले, आणि २०१८ सालीं दिसून आलें कीं एकट्या युरोपांत त्या काळीं ह्या जंतूच्या अनेक शाखा नांदत होत्या. त्यांतील एक इंग्लंडमधील पांचव्या-सहाव्या शतकांतील मृताच्या हाडांतला होता. २०२५ मध्यें तर अमेरिका खंडांत युरोपीयांच्या आगमनापूर्वींच महारोगाचा दुसरा एक जंतु होता असें सिद्ध झालें. चिली देशांतील सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या हाडांतून तो वाचला गेला. वीस वर्षांत मत इतक्या वेळां फिरलें, यांत शास्त्राची नामुष्की नाहीं. नवा कागद सांपडला म्हणजे आपणही शकावली बदलतोंच.

बालाथळचें निदान मात्र ह्या अस्सल साधनावर नव्हे, व्रणांवर उभें आहे. निबंधकारांनीं तें लपविलेलें नाहीं; विसरतो तो वाचक. आपल्या उष्ण भूमींत हें द्रव्य टिकणें दुर्घट आहे. राखीगढीच्या साठांहून अधिक नमुन्यांवर प्रयत्न झाले, तेव्हां एका व्यक्तीचें वाचन हातीं लागलें व तें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या कोंकणच्या तांबड्या मातींत तर पावसापुढें हाडच उरत नाहीं. घाटावर इनामगांवास ताम्रपाषाणयुगीन दफनें विपुल मिळालीं, परंतु तेथील प्रौढांस पुरतांना त्यांचे पाय घोट्याखालीं तोडण्याची चाल होती. आणि महारोग चेहऱ्याखालोखाल आपल्या खुणा ठेवतो त्या हातापायांच्या लहान हाडांवर. तेथें ह्या रोगाचा शोध करणारास निम्मा पुरावा त्या लोकांनींच काढून नेलेला आढळेल.

आतां अथर्ववेद. पहिल्या कांडांतील तेविसावें व चोविसावें अशीं दोन सूक्तें येथें प्रस्तुत आहेत. रोगाचें नांव 'किलास'. त्याच्या जोडीस 'पलित' म्हणजे करडा डाग. (गंधारपाले येथील लेण्याच्या लेखांत 'वेणुपालित' कुमाराचें नांव आहे, आमचे विद्यार्थी 'पलित' दिसतांच त्या 'पालिता'कडे धांवत. एका ऱ्हस्वदीर्घानें अर्थ कोठच्या कोठें जातो!) रात्रीं उपजलेल्या, काळ्या वनस्पतीस ऋषि विनवितो कीं, हे डाग तूं रंगवून टाक. दुसऱ्या सूक्तांत आसुरीनें ह्या रोगाचें औषध प्रथम केलें व त्वचा 'सरूप', म्हणजे एकरंगी केली, असें वर्णन आहे. दोन्ही सूक्तांचा विषय रंग हा आहे. बधिरता नाहीं, बोटें झडणें नाहीं, नाक बसणें नाहीं, दुर्गंध नाहीं.

एक शब्द मात्र प्रतिपक्षाच्या उपयोगाचा आहे, तो दडविणें अप्रामाणिकपणाचें होईल. तेविसाव्या सूक्ताच्या चौथ्या ऋचेंत किलासास 'अस्थिज' म्हटलें आहे. हाडांत उपजलेला रोग, म्हणजे महारोगच, असें यावरून कोणी म्हणेल. परंतु त्याच ऋचेंत 'तनूज' किलासही आहे. आणि रोग हाडांतून उपजो कीं शरीरांतून, मंत्रानें नाहींसें झालें असें जें शेवटीं सांगितलें तें त्वचेवरील 'श्वेत लक्ष्म', पांढरी खूण, हेंच आहे. 'अस्थिज' हें उगमाविषयींचें मत आहे, हाड खाल्ल्याचें वर्णन नव्हे.

सुश्रुत तर याहून स्पष्ट आहे. निदानस्थानाच्या पांचव्या अध्यायांत तो अठरा कुष्ठें सांगतो. रोग अस्थिमज्जेंत शिरला म्हणजे नाक बसतें, आवाज बिघडतो, हेंही सांगतो. कुष्ठ हा संसर्गानें एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जातो हें त्यास ठाऊक आहे. किलासास तो कुष्ठाचाच एक प्रकार म्हणतो खरा, पण लगेच भेद दाखवितो: किलास केवळ त्वचेंतच राहतो व स्रवत नाहीं. सुश्रुत अथर्ववेदाहून बराच अर्वाचीन, तेव्हां त्याचा भेद मागें लावूं नये, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग महारोगही मागें लावूं नये. आणि 'कुष्ठ' हा शब्द अथर्ववेदांत येतो तो रोगाचें नांव म्हणून नव्हे. हिमालयांत उगवणारी, तक्मन् नांवाचा ज्वर घालविणारी ती वनस्पति आहे.

शब्द रोगाच्या मागें इमानानें चालत नाहींत याची साक्ष आपल्या घरांत आहे. 'कुष्ठ' यापासून हिंदींत 'कोढ' झाला, त्याचा अर्थ महारोग. मराठींत 'कोड' झाला, त्याचा अर्थ निरुपद्रवी पांढरे डाग. पोलादपूरच्या वरच्या अंगास असलेल्या एका वाडींतील मुलगी माझ्या वर्गांत होती. तिच्या मानेवर कोड उठलें. इतर पालकांनीं ओरड केली व तिला निराळ्या बांकावर बसविण्यांत आलें. डॉक्टरांचा दाखला आला, तरी एक पालक मला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वेदांतसुद्धां हा महारोगच सांगितलाय ना?" मीं नाहीं म्हटलें; त्यांना तें पटलें नाहीं. पुढील सत्रांत मुलगी शाळेंत आली नाहीं.

दफनाविषयींचें विधान त्याहून दुबळें आहे. तो मनुष्य शेणाच्या राखेनें भरलेल्या दगडी आवारांत पुरला होता, व बालाथळास सांगाडे थोडेच मिळाले, हें खरें. परंतु इ. स. पूर्वीं २००० ला वैदिक चाल म्हणणें म्हणजे उत्तरकालीन रूढि मागें ढकलणें होय. शिवाय ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील पितृसूक्त 'अग्निदग्ध' व 'अनग्निदग्ध' अशा दोन्ही पितरांस एकाच आदरानें आवाहन करतें. न जाळणें हा तेथें कलंक नाहीं.

ग्रंथ व जंतु यांची सांगड कशी घालावी याचा नमुना किरगिझस्तानांत इस्सिक-कुल सरोवराजवळ मिळाला आहे. तेथील दफनभूमींत १३३८-३९ या दोन वर्षांचीं थडगीं एकाएकीं वाढतात, व कांहीं सुरियानी लेखांत मृत्यूचें कारण साथ असें कोरलेलें आहे. २०२२ सालीं तेथील सात जणांच्या अवशेषांपैकीं तिघांत प्लेगचा जंतु वाचला गेला. लेख, तारीख व जंतु हीं तिन्ही एकाच भूमींत. बालाथळचा मृत व अथर्वण ऋषि यांच्यामध्यें मात्र कित्येक शतकें व शेंकडों कोस आहेत.

बालाथळच्या माणसास महारोग झाला असेल. त्याच्या दांतांतून कधीं जंतु वाचला गेला तर तो भारताच्या इतिहासांतील मोठाच कागद ठरेल. तोंवर अथर्ववेदाच्या मराठी भाषांतरकारांनीं 'किलास' या शब्दापुढें 'कोड' एवढेंच लिहावें, आणि 'अस्थिज' शब्दावर टीप देतांना ऋचेचें उत्तरार्धही छापावें.