नखी काढून ठेवण्याआधी

आमच्या घरी माळ्यावर आजोबांची हवाइयन गिटार पडून होती. सोबत कॅमेऱ्याच्या रोलची एक डबी, आणि डबीत तीन नख्या: अंगठ्याची प्लास्टिकची, दोन बोटांच्या पत्र्याच्या. लॉकडाउनमध्ये मी गिटार खाली काढली, तारा बदलल्या. नख्या मात्र सैल होत होत्या. पकडीने दाबल्या तर टोचायला लागल्या. मग त्या परत डबीत टाकल्या आणि मी उघड्या बोटांनी वाजवायला लागले.

थोड्याच दिवसांत मला डॅनियल लान्वा सापडला. यूटूचा 'द जोशुआ ट्री' आणि बॉब डिलनचा 'टाइम आउट ऑफ माइंड' या अल्बमांच्या निर्मितीत असलेला हा माणूस स्वतः पेडल स्टील गिटार वाजवतो, आणि तेही नख्या न घालता. झालं! माझ्या आळसाला तत्त्वज्ञान मिळालं. बोट आणि तार यांच्यामध्ये धातू कशाला, असं मी मित्रमंडळींना ऐकवायला लागले. हा लेख त्या वाक्याचा हिशेब आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभं केलेलं, आडवं ठेवलेलं वाद्य. एका पट्टीवर बहुधा दहा तारा. डाव्या हातात जड पोलादी बार, तो तारांवरून सरकतो. डावा पाय पेडलवर, गुडघे लिव्हरवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. हवाईच्या जोसेफ केकुकूचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं, त्या स्टील गिटारचं हे अमेरिकन कंट्री संगीतात वाढलेलं नातवंड. नॅशव्हिलच्या 'ई नाइन' जुळणीत एक पेडल दाबलं की 'बी'च्या तारा 'सी शार्प' होतात, दुसऱ्याने 'जी शार्प'च्या तारा 'ए' होतात. दोन्ही दाबली की हात न हलवता 'ई'ची कॉर्ड 'ए'ची होते. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सने वाजत्या तारांवरच असं पेडल दाबलं, आणि कंट्रीचा आवाज बदलला.

एवढं सगळं हलतं, पण स्वर सुरू होतो तो उजव्या हाताने. तिथे अंगठ्याला एक आणि बोटांना दोन नख्या हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. का?

कडा आणि गादी

नखी कडक असते आणि तारेला अगदी चिंचोळ्या जागी भिडते. त्यामुळे तारेतले वरचे, झगझगीत स्वरांश जागे होतात. बोटाचं टोक मऊ आणि रुंद. ते वरचे स्वरांश सुरुवातीलाच दाबून टाकतं. माझ्या धंद्याच्या भाषेत बोट म्हणजे लो-पास फिल्टर.

मग कोणी म्हणेल, नखी घालूनच अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल कमी करा की. मलाही हे पटलं होतं. पण तो नॉब सगळ्या स्वरांना एकच हुकूम सोडतो. बोट प्रत्येक तारेला, प्रत्येक वेळी वेगळं वागवतं. शिवाय आवाजाच्या पेडलने स्वराची सुरुवात झाकता येते हेही खरं, पण त्याने फक्त मोठेपणा कमी होतो, झगझगाट आत तसाच राहतो. म्हणजे उघड्या बोटाची बाजू नुसती भावनिक नाही, तिला तांत्रिक आधार आहे.

आता दुसरी बाजू. स्टीलवर स्वर सुरू करण्याइतकंच तो थांबवणं अवघड. बारखालच्या तारा वाजत राहतात, एकमेकींत मिसळून चिखल होतो. म्हणून वादक तळहाताच्या कडेने तारा गप्प करतात, किंवा पुढचा स्वर छेडायला आलेल्या नखीनेच आधीचा थांबवतात. दुसऱ्या पद्धतीत पत्रा वाजत्या तारेला लागून खरखरण्याची भीती असते. उघडं बोट इथे फायद्यात, ते तारेवर निमूट टेकतं. पण त्याच मऊपणामुळे पुढच्या स्वराची कड जाते.

दोन रेकॉर्ड

बडी एमन्सची 'स्टील गिटार जॅझ' १९६३ची. एमन्स तेव्हा सव्वीसच्या आसपास, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्सच्या सोबत त्याने कंट्रीचं वाद्य थेट जॅझमध्ये नेऊन बसवलं. त्यातलं 'चेरोकी' हेडफोन लावून ऐका. ड्रम्स धावताहेत आणि स्टीलचा प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतो. बारवर वाजणाऱ्या वाद्याचा स्वभाव घसरण्याचा, ओघळण्याचा. एमन्स त्या स्वभावाविरुद्ध त्याच्याकडून स्पष्ट उच्चार काढून घेतो. हे नखीशिवाय मला कल्पनेतही ऐकू येत नाही. नखी इथे सजावट नाही, ती व्यंजनं आहेत. ती नसती तर मागे फक्त स्वर उरले असते, आणि नुसत्या स्वरांनी वेगात बोलता येत नाही.

लान्वाचा 'गुडबाय टू लँग्वेज' २०१६चा. त्यात लान्वाची पेडल स्टील आणि रॉको डेलुकाची लॅप स्टील, आणि त्या आवाजांवर स्टुडिओत केलेली प्रक्रिया. नावातच भाषेला निरोप आहे. इथे स्वर सुरू कधी झाला ते कळत नाही, तो असल्याचं मात्र थोड्या वेळाने कळतं. ताल जवळजवळ नाहीच. दुसरं वाद्य स्पर्धेला नाही. गायकाच्या दोन ओळींमधली फट भरायची घाई नाही.

इथेच माझी चूक मला दिसली. मी मानत होते की लान्वाने नखी काढली आणि आवाज मोकळा झाला. खरं तर त्याने नखीसोबत बाकी सगळंही काढलं: ड्रम्स, वेग, गाण्याची चौकट. उघड्या बोटाची किंमत पूर्ण मोजली.

माझी एक टीकाही आहे. अल्बम सलग ऐकताना मधला भाग मला एकसारखा वाटतो. सगळ्याच स्वरांच्या कडा गोल असल्या की गोलपणाची किंमत कमी होते. एखादीच धारदार सुरुवात तिथे विजेसारखी लागली असती.

पनवेलजवळचा पुरावा

हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. सतार नखीने वाजते, तंबोरा उघड्या बोटांनी, आणि कोणीही तंबोऱ्याला नखी लावा म्हणत नाही. एकाचं काम बोलणं, दुसऱ्याचं काम आसमंत भरणं. रुद्रवीणेत मात्र एकाच वाद्यावर दोन उत्तरं मिळतात. असद अली खाँ मिजराब घालून वाजवत. पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांचं गुरुकुल होतं, त्या झिया मोहिउद्दीन डागरांनी मिजराब सोडली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वीणेचे भोपळे मोठे करून घेतले, तारा जाड केल्या, आणि आलाप इतका सावकाश केला की बोटाने जागवलेल्या स्वराला पसरायला जागा मिळाली. बोट बदललं म्हणून वाद्य बदललं, वाद्य बदललं म्हणून वेळेचा हिशेब बदलला.

म्हणून 'नखीशिवाय वाजवणं जास्त प्रामाणिक' हे विधान मला आता खोटं वाटतं. एमन्सच्या बोटांवर पत्रा होता, म्हणून त्याचं हृदय तारेपासून लांब नव्हतं. प्रश्न जवळिकीचा नाहीच. तुमच्या संगीतात स्वराला सुरुवात हवी आहे का, हा प्रश्न आहे. उत्तर 'नको' असेल, तर त्या सुरुवातीवर उभं असलेलं बाकीचं सगळंही बदलायची तयारी हवी.

माझी ती तयारी नव्हती. मागच्या दिवाळीत आईने आजोबांच्या आवडीचं एक जुनं गाणं वाजवायला सांगितलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. चाल बरोबर होती. पण शब्द कुठे पडतात तेच कळत नव्हतं. ओळखीच्या माणसाने तोंडात घास ठेवून बोलावं तसं. आई म्हणाली, "छान आहे गं, पण बाबांचं स्पष्ट यायचं." ज्याला मी माझी शैली म्हणत होते, ते फक्त न शिकलेलं काहीतरी होतं.

आता नख्या घालते. गरम पाण्यात धरून अंगठ्याची बसवून घेतली. पत्र्याच्या दोन्ही माझ्या बोटांच्या वळणाने हळूहळू वाकवल्या. पहिले दोन आठवडे नुसता खणखणाट झाला, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या. तळहाताने तारा थांबवणं अजून नीट जमत नाही.

रात्री उशिरा कधी नख्या काढून एकच तार छेडते आणि ती विझेपर्यंत ऐकते. ते मला अजूनही आवडतं. पण आता त्या वेळी दुसरा स्वर वाजवायची घाई करत नाही.