राणीचे घड्याळ आणि एका काट्याचे घड्याळ

खिशातील जुन्या घड्याळांची गोष्ट निघाली की जाणत्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते पॅरिसच्या अब्राम-लुई ब्रेगे याच्या १६० क्रमांकाच्या घड्याळाचे. त्याच्या कीर्तीविषयी आमची तक्रार नाही. परंतु तेच त्या कारागिराचे सर्वश्रेष्ठ काम होय, हे मत आम्हांस मान्य करवत नाही.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ साली हे घड्याळ सांगण्यात आले, असे परंपरा मानते. त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यात असावी, शक्य तेथे सोनेच वापरावे, वेळेची वा पैशाची मर्यादा नाही, अशी ती मागणी. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, १८२३ मध्ये ब्रेगे वारला, आणि १८२७ साली मुलाच्या हाताखाली काम पुरे झाले. मिनिटापर्यंतची वेळ वाजवून सांगणारी योजना, लीप वर्ष ओळखणारे तारखांचे यंत्र, सूर्याच्या व घड्याळाच्या वेळेतील अंतर दाखविणारा काटा, उष्णतामापक, बाळगणाऱ्याच्या हालचालीने आपोआप मिळणारी चावी : काय नाही? तबकडी स्फटिकाची, म्हणून आतील चाकेही दिसतात. डोळे दिपतात खरे. पण किती वाजले हे पाहू जावे तर दृष्टी ठरत नाही. एका धनिकाने ते १८३८ साली दुरुस्तीस धाडले, ते परत नेलेच नाही!

याच ब्रेगेने राज्यक्रांतीच्या धामधुमीतून परतल्यावर, १७९७ च्या सुमारास, वर्गणीचे घड्याळ विकावयास काढले. चौथाई किंमत आगाऊ भरावयाची, उरलेली घड्याळ हाती आल्यावर. मोठी पांढरी मिन्याची तबकडी आणि काटा एकच. दोन तासांमधील जागेचे बारा भाग पाडलेले, म्हणजे प्रत्येक खूण पाच मिनिटांची. मधले मिनिट नजरेने जोखावयाचे. लग्नघरी चोवीस मिनिटांचे घटिकापात्र बुडताना पाहणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांस यात काही उणे वाटले नसते. आत मधोमध कमानीचे मोठे घर, दोहों बाजूंस तोलून मांडलेली चाके. नको ते गाळण्याचे धैर्य येथे आहे, आणि ते राणीच्या घड्याळात नाही.

संग्राहकांस मात्र दोष देववत नाही. सर डेव्हिड सालोमन्स यांनी १९१७ साली लंडनमध्ये १६० क्रमांक विकत घेतला, १९२१ साली ब्रेगेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२५ साली निधन पावताना निवडक घड्याळे कन्या व्हेरा हिच्या स्वाधीन केली. तिच्या औदार्याने जेरुसलेम येथे उभे राहिलेले संग्रहालय १९७४ साली उघडले. तेथून १९८३ मध्ये शंभरावर घड्याळे चोरीस गेली. राणीचे घड्याळ सापडल्याचे २००७ साली जाहीर झाले. एवढी वर्षे ते चोराने दडवून ठेवले होते. संग्रहालयाच्या काचेआड तरी ते कोणाच्या खिशात होते, हा प्रश्न उरतोच. आपल्या देवळांतील समया दोन-तीन पिढ्यांच्या असल्या तरी त्यांस कोणी पुराणवस्तू म्हणत नाही, कारण त्या रोज उजळतात.

आपल्याकडे संकट निराळेच. वडिलार्जित घड्याळाची सोन्याची डबी आटवून बांगड्या करावयाच्या आणि आतले यंत्र मुलांस खेळावयास द्यावयाचे, हे आम्ही पाहिले आहे. जे सुबुद्ध ते पेटीतून काढताच कौतुकाने चावी देतात, आणि तेही घातकच : वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील तेल आटून घट्ट झालेले असते, आणि तसेच चालविल्यास चाकांच्या नाजूक आसा झिजतात. आधी ते जाणत्या हाताकडून उघडून स्वच्छ करून घ्यावे, मग चावी.

आमच्या आजोबांचे चांदीचे घड्याळ पूर्वी एकाने "सुधारून" दिले, ते मूळची तबकडी बदलून! यंदा दुसऱ्या, वृद्ध कारागिराकडे टाकले आहे. त्याची सुटी चावी हरवली आहे. तिच्या मापाची दुसरी मिळेपर्यंत थांबा, असा त्यांचा निरोप आहे.