पाय दिसले, मान नाही

लेनी रिफेनश्टालचा ‘ऑलिंपिया’ निघाला की जाणकार मंडळी एकच धोशा लावतात : राजकारण सोडा, सौंदर्य बघा. बरं, सौंदर्यच बघू.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा हा दोन भागांचा माहितीपट. पैसा नाझी सरकारचा. पहिला खेळ २० एप्रिल १९३८ ला, हिटलरच्या वाढदिवशी. सुरुवातीला ग्रीक देवळांचे पडके खांब, पुतळे. थाळी फेकणारा एक पुतळा हळूहळू जिवंत देह होतो. देह कसला, तर ज्याला भूक नाही, घट्टे नाहीत, असा.

खरा सिनेमा मॅरेथॉनमध्ये आहे, हे कबूल. गर्दी गायब. धावणाऱ्याच्या नजरेतून त्याचेच पाय, रस्त्यावरची सावली. पाय जड होत जातात, संगीत मात्र पुढं ओढतंय. आठ तास साच्यापुढं उभा राहणारा हे लगेच ओळखील. दमणं इतकं खरं पडद्यावर क्वचित पाह्यलंय.

पण ती शर्यत जिंकली कुणी? कागदोपत्री जपानच्या ‘सोन किटेई’नं. माणूस होता कोरियाचा सोन की-जोंग. कोरिया १९१० पासून जपानच्या टाचेखाली. गडी २ तास २९ मिनिटांत धावला आणि झेंडा चढला मालकाचा. हा मान खाली घालून उभा, हातातल्या ओकच्या रोपानं छातीवरचा जपानी सूर्य झाकून. सोलच्या ‘दोंगा इल्बो’नं फोटोतून तो सूर्यच खोडला. पत्रकार तुरुंगात गेले, पेपर बंद पडला. त्या खेळांवरचं सगळ्यात धारदार भाष्य म्हंजे हा खाडाखोड केलेला फोटो. रिफेनश्टालच्या कॅमेऱ्याला पाय कळले. मान का झुकली, हे त्यानं विचारलं नाही.

बचावाला नेहमी जेसी ओवेन्स पुढं करतात. चार सुवर्णपदकांचा काळा धावपटू एवढा देखणा दाखवलाय, मग वंशद्वेष कुठाय? अरे, देखणा दाखवणं म्हंजे बरोबरीचा मानणं नव्हे. उंच उडीत जर्मन विक्रमाची बरोबरी करणारी ज्यू मुलगी ग्रेटेल बर्गमान खेळांआधीच वगळली गेली. ती कुठाय? १६ जुलै १९३६ ला पोलिसांनी शेकडो रोमा माणसं उचलून शहराच्या कडेला, मार्त्सानच्या छावणीत कोंबली. पाहुण्यांना बर्लिन स्वच्छ दिसावं ना! गावकुसाबाहेर ठेवायची ही तऱ्हा आपल्याला शिकवायला नको.

पुढं ‘टीफलांड’ सिनेमाला गर्दी हवी होती. तेव्हा याच बाईला मार्त्सानची माणसं बरोबर सापडली. त्यातल्या कित्येकांना नंतर आउशवित्सला धाडलं.